छत्रपतींचे स्मरण

रायगड जिल्ह्याच्या पूर्व भागात कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके आहेत. समुद्र येथून दूर आहे. सह्याद्री मात्र अगदी अंगणात येऊन उभा राहिलेला आहे. कर्जतहून घाटमाथ्याकडे पाहिले की राजमाचीची श्रीवर्धन आणि मनरंजन ही जुळी शिखरे नजरेस पडतात. खालापुराहून पाहिले की बोरघाटाचे काळेकभिन्न कडे आकाशाला टेकलेले दिसतात. पावसाळ्यात या कड्यांवरून शेकडो धबधबे कोसळतात. उन्हाळ्यात तेच कडे तापून निघतात. आज बोरघाटातून आगगाड्या आणि मोटारी रात्रंदिवस धावतात. परंतु तीनशेसाडेतीनशे वर्षांपूर्वी कोकणातून देशावर जावयाचे, तर अशा अरुंद व अवघड घाटवाटांखेरीज दुसरा मार्ग नव्हता.

खोपोलीच्या दक्षिणेस, डोंगराच्या कुशीत, चावणी नावाचे एक लहानसे गाव आहे. गावाजवळून अंबा नदी वाहते. तेथील रानाने वेढलेल्या घळीला उंबरखिंड म्हणतात. नदीच्या पात्रातील खडकावर एक स्मारक उभारलेले आहे. तेथे देवाची मूर्ती नाही, घंटा नाही, कळसही नाही; आहेत ती ढाल, तलवार आणि भाले यांची चिन्हे. तरीही दरवर्षी २ फेब्रुवारीला पुष्कळ माणसे तेथे जमतात, फुले वाहतात आणि एका राजाचे स्मरण करतात. तो राजा म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज.

शिवाजी महाराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० रोजी जुन्नरजवळील शिवनेरी किल्ल्यावर झाला. वडील शहाजीराजे हे दख्खनमधील नामांकित सरदार. मातोश्री जिजाबाई सिंदखेडच्या जाधवांच्या कन्या. त्या काळी महाराष्ट्रावर निजामशाही, आदिलशाही आणि मोगल यांच्या फौजा सतत चालून येत. आज एका सुभेदाराचा अंमल, तर उद्या दुसऱ्याचा. फौजा येत, उभी पिके तुडवीत आणि निघून जात. त्यात दुष्काळाची भर पडली. पुणे परगणा उजाड झाला. अशा वेळी जिजाबाई बाल शिवबांना घेऊन पुण्यास राहावयास आल्या. त्यांनी लोकांना धीर दिला, ओसाड जमिनी लागवडीस आणविल्या. माणसांची दैना आणि ती दूर करण्याची खटपट, या दोन्ही गोष्टी शिवबांनी लहानपणीच डोळ्यांनी पाहिल्या. पुढे त्यांनी राज्य केले, तेव्हा या शिक्षणाचा त्यांना कधीही विसर पडला नाही.

मावळातील सवंगडी बरोबर घेऊन शिवरायांनी स्वराज्याचा उद्योग आरंभिला. तोरणा, राजगड असे गड हाती आले. १६५६ साली जावळी स्वराज्यात आली आणि तिच्याबरोबर रायरीचा डोंगरही आला. हाच पुढे रायगड या नावाने प्रसिद्धीस चढला. १६५७ च्या ऑक्टोबर महिन्यात कल्याण आणि भिवंडी ही शहरे महाराजांनी घेतली. त्यामुळे उत्तर कोकणाचे द्वार उघडले आणि कर्जत-खालापूरचा मुलूख स्वराज्याच्या वाटेवर आला. वर पुण्याकडे मावळ आणि खाली कल्याणाकडे कोकण. मधोमध हे घाट. ज्याच्या हाती घाट, त्याच्या हाती मुलूख, हे महाराजांनी ओळखले होते. म्हणून कोणती वाट किती रुंद आहे, पाणी कोठे मिळते, घोडे कोठवर जातात आणि कोठून पायीच जावे लागते, याची खडान्‌खडा माहिती ते ठेवीत.

१६५९ च्या नोव्हेंबर महिन्यात प्रतापगडाच्या पायथ्याशी आदिलशाही सरदार अफजलखानाचा मोड झाला. परंतु संकट टळले असे नव्हे. उलट ते दुणावले. पुढील वर्षी सिद्दी जौहरने पन्हाळगडाला वेढा दिला आणि महाराज आत अडकले. त्याच सुमारास दिल्लीचा बादशहा औरंगजेब याने आपला मामा शाइस्तेखान यास प्रचंड फौज देऊन दक्षिणेत धाडले. १६६० च्या मे महिन्यात खान पुण्यास येऊन बसला. जुलैमध्ये महाराज पन्हाळ्याहून निसटले; त्या पायी बाजीप्रभू देशपांडे आणि त्यांचे अनेक सोबती यांना प्राण द्यावे लागले. ऑगस्टमध्ये चाकणचा किल्ला मोगलांच्या हाती गेला. फिरंगोजी नरसाळ्यांनी तो सुमारे दोन महिने लढविला होता. एका बाजूला विजापूर, दुसऱ्या बाजूला दिल्ली. दोन जात्यांमध्ये धान्याचा दाणा सापडावा, तशी स्वराज्याची अवस्था झाली.

पुण्यात पाय रोवल्यावर शाइस्तेखानाची दृष्टी कोकणाकडे वळली. कल्याण, पनवेल, पेण, नागोठणे हा भाग घेतला, तर महाराजांचे समुद्रकाठचे बळ तुटेल, असा त्याचा हिशेब होता. या कामगिरीवर त्याने कारतलबखान या उझबेग सरदाराची नेमणूक केली. त्याच्या हाताखाली मोठी फौज दिली आणि नामांकित सरदार दिले. त्या सरदारांमध्ये काही मराठेही होते. त्यांत माहूरच्या देशमुख घराण्यातील एक शूर स्त्री होती. आपल्या पतीच्या पश्चात तिने फौजेचा कारभार हाती घेतला होता. बादशहाने तिचा पराक्रम पाहून तिला रायबागन ही पदवी दिली होती.

१६६१ च्या जानेवारीअखेर कारतलबखान पुण्याहून निघाला. बोरघाटाची नेहमीची वाट सोडून त्याने लोहगडाच्या अंगाने दक्षिणेकडची कुरवंड्याची वाट धरली. शत्रूला नकळत कोकणात उतरावे, असा त्याचा बेत होता. परंतु महाराजांचे हेर त्याच्या पावलावर पाऊल ठेवून होते. खान कोणत्या घाटाने उतरणार, ही बातमी महाराजांना वेळेवर पोहोचली. त्यांनी त्याला वाटेत कोठेही अडविले नाही. घाटमाथ्यावरचे मोकळे मैदान मोगली घोडदळाला सोयीचे होते. तेथे झुंज देणे म्हणजे आपण होऊन हानी पत्करणे होय. म्हणून महाराज उंबरखिंडीत वाट पाहत थांबले. मावळे झाडांच्या आड, खडकांच्या मागे आणि उतारांवर दडून राहिले. काहींनी शत्रू खाली उतरल्यावर त्याची मागची वाट बंद करावयाची, अशी योजना ठरली.

मोगली फौज घाट उतरू लागली. पाऊलवाट इतकी अरुंद होती, की एकापाठीमागे एक असेच चालावे लागत होते. पुढचा स्वार खाली पोहोचला, तरी मागचे स्वार अद्याप माथ्यावरच होते. ओझ्याची जनावरे घसरत होती. खाली उतरल्यावर वाट मोकळी होईल असे सैनिकांना वाटले होते. परंतु तेथे घनदाट रान होते. वारा नव्हता. माघ महिन्याचे दिवस असूनही त्या कोंडलेल्या दरीत माणसे घामाने भिजून गेली. तहानेने घसे कोरडे पडले.

तो दिवस २ फेब्रुवारी १६६१ चा. फौज खिंडीच्या मध्यावर आली आणि रानातून एकाएकी रणवाद्ये वाजू लागली. कोठून वाजतात ते कळेना. पाठोपाठ बाण सुटले, बंदुकांचे बार झाले, उतारांवरून दगड गडगडत आले. मोगलांना शत्रू दिसत नव्हता. त्याचे घाव मात्र लागत होते. घोडे उधळले. पुढे सरकावे तर वाट रोखलेली, मागे फिरावे तर तिकडेही मावळे उभे. हजारोंची फौज होती खरी, पण त्या चिंचोळ्या जागी एका वेळी थोड्याच माणसांना लढता येत होते. संख्येचे बळ तेथे निरुपयोगी ठरले. ते ओझेच होऊन बसले.

महाराज स्वतः रणभूमीवर हजर होते. अंगात चिलखत, हाती शस्त्र, अशा वेषात घोड्यावर बसून ते सर्व हालचालींवर नजर ठेवून होते. कारतलबखान मोठा शूर होता. परंतु या अरण्यात शौर्य कोठे दाखवावे हेच त्याला उमगेना. अखेर त्याने रायबागनचा सल्ला घेतला. तिने त्याला स्पष्टपणे त्याची चूक दाखविली. अशा वाटेने फौज आणणे म्हणजे वाघाच्या जाळीत शिरणे होते. आता हट्ट धरला, तर एकही माणूस जिवंत परत जाणार नाही. तेव्हा शिवाजीराजांकडे वकील पाठवून अभय मागावे, असे तिने सुचविले. खानाला ते मानवणे कठीण गेले असेल. पण दुसरा उपाय नव्हता. त्याने वकील पाठविला.

हाच त्या दिवसाचा खरा कसोटीचा क्षण होता. शत्रू पुरता मुठीत आला होता. याच फौजांनी महाराजांचा मुलूख जाळला होता, चाकण घेतले होते, पुण्यात तळ दिला होता. त्या खिंडीत एकूणएक माणूस कापून काढणे महाराजांना अशक्य नव्हते. मनात सूडबुद्धी असती, तर तिला हवी तशी संधी चालून आली होती. परंतु महाराजांनी अभय दिले. फौजेने खजिना व सामानसुमान तेथेच ठेवून निघून जावे, एवढीच अट घातली. खानाने ती मान्य केली. लढाई थांबली. थोड्या वेळापूर्वी मृत्यूच्या दारात उभी असलेली ती माणसे आल्या वाटेने परत फिरली. द्रव्य आणि युद्धसाहित्य स्वराज्यास मिळाले आणि शाइस्तेखानाचा कोकणचा बेत फसला.

या विजयात दोन गुण एकत्र आलेले दिसतात. थोड्या माणसांनी मोठ्या फौजेला जिंकावे, यासाठी लागणारी योजकता हा एक; आणि जिंकल्यानंतर हात आवरावा, यासाठी लागणारा संयम हा दुसरा. पहिला गुण अनेक सेनापतींच्या ठिकाणी आढळतो. दुसरा फार थोड्यांच्या ठिकाणी आढळतो.

उंबरखिंडीनंतर मोगलांवर नजर ठेवण्यासाठी महाराजांनी नेताजी पालकरांना मागे ठेवले आणि आपण दक्षिण कोकणाकडे कूच केले. नेताजींचे नाव खालापूर तालुक्यातील चौक गावाशी निगडित आहे. ते स्वराज्याचे सरनोबत होते. या नेताजींच्या आयुष्याला पुढे विलक्षण कलाटणी मिळाली. १६६६ साली त्यांचे आणि महाराजांचे बिनसले. ते प्रथम विजापूरकरांकडे व नंतर मोगलांकडे गेले. औरंगजेबाने त्यांना कैद करविले, धर्म बदलावयास लावले आणि दूर काबूलच्या बाजूस मोहिमेवर धाडले. सुमारे दहा वर्षांनी, १६७६ साली, नेताजी महाराजांकडे परत आले. अशा माणसाला दाराबाहेर उभे केले असते, तरी कोणी दोष दिला नसता. परंतु महाराजांनी त्यांना शुद्ध करून घेतले आणि पुन्हा आपल्यात सामावून घेतले. शरण आलेल्या शत्रूला जसे अभय, तसाच परतलेल्या सोबत्याला आश्रय, ही त्यांची रीत होती.

पुढील काही वर्षांत एकामागून एक मोठे प्रसंग घडले. १६६३ च्या एप्रिल महिन्यात महाराजांनी रात्री पुण्याच्या लाल महालात शिरून शाइस्तेखानावर छापा घातला. १६६४ च्या नोव्हेंबरात मालवणजवळच्या कुरटे बेटावर त्यांनी सिंधुदुर्गाचा पाया घातला. समुद्रावरही स्वराज्याची सत्ता असली पाहिजे, हे त्यांनी जाणले होते. १६६५ साली मिर्झाराजे जयसिंगाशी पुरंदरचा तह करून तेवीस किल्ले द्यावे लागले. १६६६ साली आग्र्यास नजरकैद झाली. तिच्यातून महाराज युक्तीने निसटले. गेलेले किल्ले त्यांनी पुढे परत जिंकून घेतले. ६ जून १६७४ रोजी रायगडावर त्यांना राज्याभिषेक झाला. ते छत्रपती झाले. त्यांनी नवा राज्याभिषेक शक सुरू केला, आपल्या नावाची नाणी पाडली आणि राज्यकारभारातील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश तयार करविला.

परंतु सिंहासनाच्या वैभवापेक्षाही महाराजांची थोरवी एका साध्या पत्रातून अधिक दिसते. १६७३ च्या उन्हाळ्यात चिपळूणजवळ स्वराज्याच्या घोडदळाची छावणी होती. तेथील अधिकाऱ्यांना महाराजांनी पत्र धाडले. दाणावैरण पावसाळा सरेपर्यंत पुरवून वापरावी. काही लागले, तर बाजारात पैसे देऊन विकत घ्यावे. कुणब्याच्या घरचे धान्य, लाकूड किंवा भाजी जबरदस्तीने उचलू नये, अशी ताकीद त्यांनी दिली. रयतेला त्रास झाला, तर ती मोगलांपेक्षाही आपल्याच लोकांना वाईट म्हणेल, याची आठवणही करून दिली. एवढ्यावरच ते थांबले नाहीत. रात्री दिवा जळत ठेवला, तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजींना आग लागेल, म्हणून निजण्यापूर्वी दिवे विझवावे, असेही त्यांनी बजाविले. मोठमोठ्या मोहिमा आखणारा राजा उंदराच्या तोंडातील वातीचाही विचार करतो, तो शेतकऱ्याचा दाणा आणि घोड्याची वैरण वाचावी म्हणून. अशा राजाला रयत विसरेल तरी कशी?

३ एप्रिल १६८० रोजी, चैत्री पौर्णिमेस, रायगडावर महाराजांचे देहावसान झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे पन्नास वर्षांचे होते. गडावरील जगदीश्वराच्या मंदिराजवळ त्यांच्या देहाला अग्नी देण्यात आला आणि त्या जागी समाधी बांधण्यात आली. हे मंदिर व गडावरील अनेक इमारती हिरोजी इंदुलकर यांनी बांधल्या होत्या. एवढे मोठे काम करूनही हिरोजींनी आपले नाव मंदिराच्या एका साध्या पायरीच्या दगडावर कोरविले. येणाऱ्या-जाणाऱ्यांची पायधूळ लागेल अशी ती जागा आहे. धनी आणि सेवक दोघांचेही स्मरण आज तेथे जवळजवळ नांदते.

महाराजांचे दुसरे स्मृतिस्थान सिंधुदुर्ग किल्ल्यात आहे. १६९५ साली, राजाराम महाराजांच्या काळात, तेथे शिवराजेश्वराचे मंदिर बांधण्यात आले. त्या वेळी औरंगजेब दक्षिणेत ठाण मांडून होता, रायगड मोगलांनी घेतला होता आणि राजाराम महाराज दूर जिंजीस होते. राज्य टिकेल की नाही, हीच चिंता होती. अशा आणीबाणीच्या काळात मराठ्यांनी आपल्या पहिल्या छत्रपतींचे मंदिर उभारले. तेथील मूर्ती वीरासनात बसलेली आहे. नेहमीच्या चित्रांत दिसणारी दाढी तिला नाही आणि मस्तकावर कोकणातील नावाड्यासारखी टोपी आहे. विशेष प्रसंगी मूर्तीला मुखवटा चढवितात. किल्ल्याच्या तटाजवळ दोन लहान घुमट्या आहेत. त्यांत चुन्यामध्ये उमटलेले हाताचे व पायाचे ठसे आहेत. ते महाराजांचे आहेत असे मानतात आणि लोक तेथे भक्तीने मस्तक नमवितात. पुढे कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मंदिरापुढे सभामंडप बांधविला. तेथील पूजा आजही चालू आहे.

रायगडच्या समाधीच्या वाट्याला मात्र फार वाईट दिवस आले. १६८९ साली गड मोगलांनी घेतला. १७३३ साली तो मराठ्यांकडे परत आला. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी त्यावर तोफा डागल्या. आगीत वाडे जळाले आणि गड इंग्रजांच्या ताब्यात गेला. त्यानंतर गडावर वस्ती उरली नाही. पायऱ्या ढासळल्या, चौथऱ्यांवर झुडपे माजली, समाधीच्या दगडांमध्ये मुळे शिरली. ज्या सिंहासनापुढे देशोदेशीचे वकील अदबीने उभे राहिले होते, तेथे रानगवत वाढले. पन्नास-साठ वर्षांत लोकांना समाधीची आठवणही अंधुक होऊ लागली.

ही आठवण पुन्हा जागी केली ती लोकांनीच. १८६९ साली जोतीराव फुले यांनी महाराजांवर पोवाडा रचून प्रसिद्ध केला. १८८३ साली जेम्स डग्लस या इंग्रज लेखकाने मुंबईविषयीच्या आपल्या ग्रंथात समाधीच्या दुर्दशेचे वर्णन केले. एका परक्या माणसाने ही खंत व्यक्त करावी, याचे अनेकांना वाईट वाटले. १८९५ साली लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने पुण्यास सभा झाली आणि समाधीच्या जीर्णोद्धारासाठी निधी जमविण्यास प्रारंभ झाला. श्रीमंतांबरोबर गरिबांनीही आपापल्या शक्तीप्रमाणे लहानमोठ्या रकमा दिल्या. १८९६ च्या एप्रिल महिन्यात रायगडावर उत्सव झाला आणि ओसाड गड पुन्हा माणसांनी गजबजला. पुढे १९२६ च्या सुमारास समाधीचा जीर्णोद्धार पूर्ण झाला.

आपल्या राजांचे असे स्मरण इतर देशांतही करतात. जपान देशात शिंतो धर्माची पुष्कळ मंदिरे आहेत आणि त्यांतील काही दिवंगत सम्राटांची आहेत. टोकियो शहरात सम्राट मेइजी व त्यांची सम्राज्ञी यांचे मंदिर १९२० साली उभारले गेले. त्याच्या भोवती वन लावण्यासाठी जपानच्या कानाकोपऱ्यांतून लोकांनी सुमारे एक लाख झाडे पाठविली. १९४५ च्या बाँबहल्ल्यात मंदिर जळाले. परंतु लोकांनी वर्गणी काढून १९५८ साली ते पुन्हा बांधले. दर्शनास येणारा माणूस आधी हात धुतो व चूळ भरतो, मग दोनदा वाकून नमस्कार करतो, दोनदा टाळी वाजवितो आणि पुन्हा एकदा वाकतो. रीत निराळी, भाषा निराळी. परंतु जळालेले मंदिर पुन्हा उभारणारे ते लोक आणि ढासळलेली समाधी पुन्हा बांधणारे हे लोक, यांच्या मनातील भाव एकच आहे. पूर्वजांची आठवण आपण जपली नाही, तर ती दुसरे कोणी जपणार नाही, हे दोघांनीही ओळखले.

आता चैत्री पौर्णिमेला महाराजांच्या पुण्यतिथीनिमित्त आणि ज्येष्ठ महिन्यात राज्याभिषेकदिनी हजारो लोक रायगड चढून जातात. शिवजयंतीला गावोगावचे तरुण गडावरून पेटती ज्योत घेऊन निघतात आणि ती हातोहात देत, धावत, आपल्या गावी आणतात. १९८१ साली कुलाबा जिल्ह्याला रायगड हे नाव देण्यात आले. तेव्हापासून कर्जत आणि खालापूर येथील माणूस आपला पत्ता लिहितो, तेव्हाही त्यात महाराजांच्या राजधानीचे नाव येते. २०२५ साली रायगड, सिंधुदुर्ग, लोहगड अशा बारा किल्ल्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला.

रायगडावर छत्रपतींची समाधी आहे, सिंधुदुर्गात त्यांचे मंदिर आहे. उंबरखिंडीत मात्र नदीतला एक खडक आणि त्यावर शस्त्रांची चिन्हे एवढेच आहे. पावसाळ्यात अंबा नदीचे पाणी त्या खडकाला वेढून वाहते. तेथून वर पाहिले की कुरवंड्याचा डोंगर दिसतो. ज्या वाटेने शत्रूची फौज जिंकण्यासाठी उतरली, त्याच वाटेने ती महाराजांनी दिलेले प्राण घेऊन परत चढून गेली. त्या स्थळी फुले वाहताना लढाईतील विजयाबरोबर या अभयदानाचीही आठवण ठेवली पाहिजे. महाराजांच्या तलवारीने स्वराज्य मिळविले. परंतु लोकांच्या मनातील त्यांचे स्थान त्यांनी मिळविले ते न्यायाने, दयेने आणि रयतेच्या काळजीने.